शंभर वर्षांपूर्वी खिशातलं पातं म्हणजे अडकित्ता होता, आणि तो भंगारातून वाचवला पुण्याच्या एका चष्मेवाल्याने

सध्या इन्स्टाग्रामवर एक प्रकारचे रील्स हमखास दिसतात. टेबलावर पाकीट, घड्याळ, किल्ल्या आणि छोटी टॉर्च मांडलेली असते. मधोमध असतो घडीचा चाकू. एका बोटाने पातं उघडतं, खट् असा आवाज होतो आणि पातं पुन्हा मुठीत जातं. बस्स, एवढंच. पण त्यावर लाखांनी व्ह्यूज असतात.

रोज सोबत बाळगायच्या वस्तू निवडून, जमवून मिरवण्याच्या या नादाला 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात. यातला चाकू भाजी चिरायला घेतलेला नसतो. मूठ टायटॅनियमची आहे का, पातं कुठल्या स्टीलचं आहे, बनवणारा कारागीर कोण, असले काही मर्यादितच बनलेत का, यावर त्याची किंमत ठरते. ती काही हजारांपासून सुरू होते आणि नामवंत कारागिराने हाताने घडवलेला चाकू असेल तर लाखाच्याही पुढे जाते.

मुंबई-ठाण्याकडे ऑनलाइन येणारा माल मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या गोदामांतून फिरतो. त्यामुळे हा नाद इथल्या पोरांना आता लांबचा राहिलेला नाही. फोनवर बोट फिरवलं की दोन दिवसांत खोका दारात.

बघणाऱ्याला वाटतं, हे खूळ परदेशातून आलं. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा आर्मी नाइफ, फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल, जपानचा हिगोनोकामी ही नावं या नादात सतत कानावर पडतात. पण खिशात सुबक, महागडं पातं बाळगायचं आणि चारचौघांत ते काढून मिरवायचं, ही हौस महाराष्ट्रात फार जुनी आहे. फक्त ते पातं चाकूचं नव्हतं, अडकित्त्याचं होतं.

आणि हे आज कुणाला माहीत असेल, तर त्याचं मोठं श्रेय दिनकर गंगाधर केळकर या माणसाला जातं.

खिशातलं खरं पातं

सुपारी ही विचित्र गोष्ट आहे. लाकडासारखी टणक आणि वर गोल. साध्या चाकूने कापायला गेलं तर चाकू घसरतो आणि बोट कापतं. म्हणून अडकित्त्याची रचना वेगळी झाली. दोन दांड्या एका टोकाला खिळ्याने जोडलेल्या, वरच्या दांडीला धारदार पातं आणि खालची दांडी सुपारीला टेकू द्यायला. सुपारी बिजागरीजवळ ठेवायची आणि दांड्यांची मोकळी टोकं दाबायची. शाळेत शिकलेला तरफेचा नियम इथे कामाला येतो. हाताच्या थोड्या जोरावर सुपारीवर कितीतरी पट दाब पडतो आणि ती कटकन दुभंगते.

काम एवढंच. पण विडा हे काही नुसतं खाणं नव्हतं. पाहुणा आला की पानाचं तबक पुढे यायचं. लग्न ठरलं की सुपारी फुटायची. दरबारात विडा देणं म्हणजे मान देणं, आणि विडा उचलणं म्हणजे कामगिरी अंगावर घेणं. गावाकडचा साधा शेतकरीही कनवटीला चंची लावून फिरायचा. या चंचीत पान, सुपारी, कात, चुनाळं यांच्या जोडीला अडकित्ता असायचाच.

आता चारचौघांत दिवसातून दहा वेळा जी वस्तू बाहेर निघते, ती साधी कशी राहील? ज्याची ऐपत होती त्याने कारागिराकडून नक्षी काढून घेतली. पितळेच्या दांड्या पोपट झाल्या, मोर झाल्या, घोडे झाल्या. पितळेला धार टिकत नाही म्हणून पातं लोखंडाचं किंवा पोलादाचं ठेवून ते पितळेत बसवलं जायचं. श्रीमंताच्या घरी चांदीचं काम आलं. गुजरातेत अडकित्त्याला सुडी म्हणतात, आणि जामनगरच्या सुड्या त्यासाठी प्रसिद्ध झाल्या. बंगालमध्ये आजही नवरदेव लग्नात हातात जांती म्हणजे अडकित्ता धरतो. आपल्याकडे अनेक घरांत नवरदेव कट्यार धरतो, तसाच हा प्रकार.

थोडक्यात, आजचे रीलवाले चाकूबाबत ज्या गोष्टी बघतात, म्हणजे धातू, घडण, उघडझाप आणि हातात बसणारं वजन, त्या सगळ्या गोष्टी आपल्या पणजोबांनी अडकित्त्यात बघितल्या होत्या.

चष्म्याचं दुकान आणि इतिहासाच्या कविता

दिनकर केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. पुण्यात दुकान होतं आणि केळकरांनी तेच पुढे चालवलं. म्हणजे ते ना सरदार घराण्यातले, ना कुठल्या संस्थानिकाच्या पदरी. इतिहास संशोधक म्हणून पगार देणारीही कुणी संस्था त्यांच्या पाठीशी नव्हती.

पण या चष्मेवाल्याला कवितेचा नाद होता. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते लिहायचे. मराठी कवितेच्या त्या पिढीत हे नाव बऱ्यापैकी माहितीचं होतं. त्यांना ओढ होती ती इतिहासाची. जुने वाडे, लढाया आणि मराठेशाहीतली माणसं हे त्यांचे आवडते विषय.

जुन्या काळावर लिहायचं तर तो काळ डोळ्यांसमोर यायला हवा. साधारण १९२० च्या सुमारास ते पुण्यातल्या जुन्या सरदार घराण्यांच्या वाड्यांकडे वळले. काही जुनं बघायला मिळतं का, हाताळायला मिळतं का, हा शोध सुरू झाला. सुरुवातीला तलवारी, कट्यारी अशा वस्तूंची ओढ असणं साहजिक होतं. इतिहास म्हटलं की आधी शस्त्रच आठवतं.

पण वाड्यात गेल्यावर त्यांची नजर दुसरीकडेच जाऊ लागली. कोपऱ्यातली समई, कोनाड्यातली दौत, पाय घासायची वज्री, शेवया करायचं यंत्र, जुनं कुलूप, आणि पानाच्या डब्यात पडलेला अडकित्ता. तलवारीने राज्य घेतलं जातं हे खरं, पण राज्यातली माणसं रोज जगतात ती या वस्तूंच्या संगतीत. आणि या वस्तूंना कुणी वाली नव्हता.

इथून एका कवीचा छंद बदलून गेला आणि पुढची जवळपास सत्तर वर्षं सुटला नाही.

भंगारवाल्याशी शर्यत

त्या काळात नेमकं काय चाललं होतं, ते समजून घ्यायला हवं. १८१८ मध्ये पेशवाई संपली. सरदारांची वतनं आटत गेली आणि वाडे मात्र मोठेच राहिले. तीन-चार पिढ्यांनी घरात पैसा नव्हता, अडगळ होती. त्यातच नवा जमाना आला. विजेचा दिवा आला आणि समया, लामणदिवे माळ्यावर गेले. कारखान्यातली स्वस्त भांडी आली आणि तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली.

मोडीत गेलेल्या वस्तूची किंमत वजनावर होते. अडकित्त्यावर कारागिराने महिनाभर बसून मोर काढलेला असो की नसो, काट्यावर दोन्ही सारखेच. पितळेचा भाव लागतो आणि वस्तू मुशीत जाते.

केळकरांची स्पर्धा दुसऱ्या संग्राहकांशी कमी आणि या मुशीशी जास्त होती. गावोगाव फिरायचं, कुणाकडे काय आहे याची चौकशी करायची आणि वस्तू वितळायच्या आत पोचायचं. आधी पुणे आणि आसपास, मग महाराष्ट्र, पुढे गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडची राज्यं असा फेरा वाढत गेला. प्रवास त्या काळातला. वस्तू जड. आणि खिसा दुकानदाराचा.

हा संसार एकट्याने रेटता आला नसता. पत्नी कमलाबाई या सगळ्यात त्यांच्यासोबत होत्या. घरात माणसांपेक्षा वस्तू जास्त झाल्या तरी त्यांनी त्या सांभाळल्या, पुसल्या, लावल्या. संग्रहालयाची गोष्ट सांगताना केळकरांइतकंच कमलाबाईंचं नाव घ्यावं लागतं.

आजच्या चाकूवाल्या संग्राहकापेक्षा केळकर नेमके इथे वेगळे ठरतात. आजचा महागडा पॉकेट नाइफ बनतो तोच मुळी संग्राहकासाठी. त्याला क्रमांक असतो, खोका असतो, कंपनीचं प्रमाणपत्र असतं. कधी विकायला काढला तर किती मिळतील याचाही अंदाज घेतलेला असतो. केळकरांनी जमवलं ते कुणीच संग्रहासाठी बनवलं नव्हतं. ते वापरासाठी बनलं, झिजेपर्यंत वापरलं गेलं आणि मग टाकून दिलं गेलं. बाजारात त्याला भाव नव्हता म्हणूनच ते एका चष्मेवाल्याला परवडलं, आणि भाव नव्हता म्हणूनच ते झपाट्याने नष्टही होत होतं.

अडकित्त्यांचं कपाट

केळकरांच्या संग्रहातले अडकित्ते हा आज बघणाऱ्यांचा सगळ्यात आवडता भाग आहे. माणसं समोरून जातात, थांबतात आणि हसतात. कारण हे अडकित्ते खट्याळ आहेत.

कुठे घोडा आहे, कुठे पक्षी, कुठे स्वार. कुठे चक्क मिठीतली जोडपी आहेत. विडा आणि शृंगार यांचं नातं आपल्याकडे जुनंच, त्यामुळे सुपारी कातरायच्या हत्यारावर शृंगार आला तर नवल नाही. आज आपण ज्यांना सोवळे समजतो ते पूर्वज प्रत्यक्षात किती मोकळे होते, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा हे कपाट जास्त पटकन सांगतं.

एक गोष्ट मात्र नीट बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. आजच्या चाकूच्या पात्यावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. त्या नावाचेच अर्धे पैसे असतात. या अडकित्त्यांवर नाव शोधायला गेलं तर बहुतेक ठिकाणी काही सापडत नाही. लोहार, तांबट, कासार अशा हातांनी ते घडवले. ते हात कुणाचे, कुठल्या गावचे, त्यांना किती मोबदला मिळाला, याची नोंद कुणी ठेवली नाही.

असंच काहीसं पोलादाबाबतही झालं. आज चाकूच्या जगात 'दमास्कस' हा शब्द उच्चारला की किंमत वाढते. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते ते दमास्कस. मध्ययुगात ज्या तलवारींमुळे हे नाव गाजलं, त्यांचं पोलाद मोठ्या प्रमाणावर दक्षिण भारतातून जायचं. आजच्या तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू भागातल्या भट्ट्यांत मुशीत बनणारं हे वूट्झ पोलाद पश्चिम आशियात विकलं जायचं. बनवणारे इथले होते आणि नाव लागलं सीरियातल्या शहराचं. शिवाय आज जे दमास्कस म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा वूट्झ नसतंच. दोन वेगळ्या स्टीलचे थर एकत्र ठोकून, आम्लात बुडवून ती नक्षी काढलेली असते. चाकू चांगला असू शकतो, पण गोष्ट वेगळी आहे. हजारो रुपये मोजणाऱ्याला निदान एवढं माहीत असावं.

कारागिरांची नावं केळकरांनाही परत आणता आली नाहीत. पण त्यांचं काम वितळण्यापासून त्यांनी वाचवलं. स्वतः अज्ञातवासी नावाने लिहिणाऱ्या कवीने आयुष्य घालवलं ते अज्ञात माणसांच्या हातचं काम जमवण्यात, हा योगायोगही मोठा बोलका आहे.

संग्रहाला नाव कुणाचं?

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेतल्या नातूबागेत ही वास्तू आहे. नाव आहे राजा दिनकर केळकर संग्रहालय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, केळकर कुठले तरी राजे असावेत. तसं नाही.

राजा हा दिनकर आणि कमलाबाई यांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच गेला.

त्या दुःखाचं केळकरांनी काय केलं, ते या पाटीवर दिसतं. ज्या वस्तू त्यांनी पै-पै करून जमवल्या होत्या आणि ज्यांना सहज स्वतःचं नाव देता आलं असतं, त्या सगळ्यांना त्यांनी मुलाचं नाव दिलं. त्यानंतर संग्रह हा छंद राहिला नाही. वस्तू हरवली, फुटली, विकली गेली, तर ते नुकसान आता नुसतं पितळेचं राहणार नव्हतं.

हे समजलं की पुढचा निर्णयही समजतो.

१९६२ : सगळं देऊन टाकलं

१९६० च्या आसपास संग्रह सुमारे १५,००० वस्तूंवर गेला होता. दिवे, कुलपं, दौती, वाद्यं, दरवाजे, चित्रं, कपडे, खेळणी, शस्त्रं, असं सगळंच त्यात होतं. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचे अवशेषही केळकरांनी वाचवले. ते पुण्यात आणून त्यातून संग्रहालयात मस्तानी महाल पुन्हा उभा केला.

तोवर या वस्तूंना भावही येऊ लागला होता. भारतीय जुन्या वस्तू परदेशी संग्राहकांना हव्या होत्या. ज्या अडकित्त्याला वीस वर्षांपूर्वी मोडीचा भाव होता, त्याचे आता चांगले पैसे झाले असते. चष्म्याच्या दुकानावर संसार चालवलेल्या माणसाने थोडं विकून सुखात राहायचं ठरवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं.

१९६२ मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला.

सोपवून ते गप्प बसले नाहीत. वस्तू येतच राहिल्या. आज संग्रहात २०,००० हून जास्त वस्तू आहेत. त्यातल्या साधारण २,५०० एका वेळी लोकांना बघायला मिळतात, कारण जागा तेवढीच. भारत सरकारने केळकरांना पद्मश्री दिली आणि पुणे विद्यापीठाने मानद डॉक्टरेट. १७ एप्रिल १९९० ला, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले.

आजच्या शौकिनांनी काय लक्षात ठेवावं?

चांगला चाकू आवडणं यात वाईट काही नाही. धातूची घडण, बिजागरीची सफाई, हातात बसणारी मूठ यांचा आनंद खरा असतो. केळकरांनाही तोच आनंद अडकित्त्यात मिळाला. पण दोन-तीन गोष्टी जाणून घेतल्या तर हा नाद अंगाशी येणार नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे नियम सांगतात की ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, सुरे, तलवारी शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती, विज्ञान, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. बहुतेक घडीचे चाकू या मापाच्या आतच असतात.

पण घरात ठेवणं वेगळं आणि खिशात घालून रस्त्यावर फिरणं वेगळं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढू शकतात. सण, निवडणूक, मोर्चे यांच्या काळात असे आदेश सर्रास निघतात. त्यात सार्वजनिक ठिकाणी तलवारी, सुरे, लाठ्या बाळगायला बंदी असते. भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, त्यामुळे ठाण्याचा आदेश भिवंडीच्या खिशालाही लागू होतो. तिथे चाकू किती हजारांचा आहे आणि कुठल्या कंपनीचा आहे, याने फरक पडत नाही. विमानात तर तो हातातल्या बॅगेत नेताच येत नाही.

त्यात रामपुरी म्हटलं की आपल्याला सिनेमातला गुंड आठवतो, आणि कोयता म्हटलं की पुण्यातल्या बातम्या. रामपूरच्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या घडवलेली वस्तू आणि उसाच्या फडातलं रोजचं हत्यार, दोन्हींचं नाव वापरणाऱ्यांनी खराब केलं. खिशातलं पातं मिरवणाऱ्याने समोरचा माणूस ते कसं बघतो याचा विचार करायलाच हवा. अडकित्त्याला हा प्रश्न कधी आला नाही. तो निघाला की समोरच्याला कळायचं, आता विडा मिळणार.

दुसरी गोष्ट जुन्या वस्तूंची. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारतात पुरावशेष मानली जाते. १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणून आजीच्या डब्यातला अडकित्ता विकायला काढण्याआधी त्याचं वय जाणून घेणं बरं.

तिसरी गोष्ट कायद्याची नाही. आज सुपारी पाकिटात कातरूनच मिळते. भिवंडीतल्या कुठल्याही टपरीवर जा, अडकित्ता क्वचितच दिसेल. ज्या घरांत तो अजून आहे तिथे तो देवघराच्या खणात किंवा माळ्यावरच्या डब्यात पडलाय, आणि घर बदलताना पहिला फटका त्यालाच बसणार आहे. तेव्हा तो काट्यावर टाकायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारता येतील. हा कुणाचा होता? कुठून आणला होता? मिळालेलं उत्तर कागदावर लिहून अडकित्त्यासोबत ठेवलं तरी पुरे.

केळकरांच्या कपाटातल्या कितीतरी वस्तूंना नेमकं हेच उत्तर चिकटलेलं नाही. ते सांगणारी माणसं तोवर गेली होती.